छायाचित्र उलटे, छायाचित्रकार बेपत्ता

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत नव्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे छापून येतात. हल्ली त्यांवर चित्रांच्या जागी कलात्मक छायाचित्रे बरीच दिसतात. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे पाहत वाढलेली मी, तरी मला याचा आनंदच आहे. मात्र ही छायाचित्रे ज्या तऱ्हेने वापरली जातात, ते पाहून जीव तुटतो.

नुकताच एक कथासंग्रह घेतला. मुखपृष्ठावर ओट्यावर बसलेल्या गुजराती बाईचे सुरेख कृष्णधवल छायाचित्र. पण पदर डाव्या खांद्यावरून पुढे आलेला आणि चमकी उजव्या नाकपुडीत! गुजराती पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, हे बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात लहान मुलीलाही माहीत असते. शीर्षक नीट बसावे म्हणून छायाचित्र उलटवलेले उघड दिसत होते. शिवाय आडव्याचे उभे करताना बाईचे कोपर आणि दाराची अर्धी चौकट छाटलेली. आत अक्षरजुळणी, मुद्रक, मुखपृष्ठकार या सगळ्यांची नावे आहेत. छायाचित्र कोणी काढले, ते मात्र कुठेच नाही.

ज्या बडोद्यात १९५० साली विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तिथल्या वाचकाला हे खटकणारच. याच विद्याशाखेत शिकलेल्या आणि शिकवलेल्या ज्योती भट्टांनी गावोगाव फिरून रांगोळ्या, भिंतीवरची चित्रे, गोंदण कॅमेऱ्यात टिपले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छायाचित्रात माणूस आणि त्याच्या मागची भिंत वेगळी काढताच येत नाही. अशा चौकटीतला एक कोपरा कापला तरी चित्र मोडते.

कायदाही छायाचित्रकाराच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की, हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

यातून वाट काढणे अवघडही नाही. आडवे छायाचित्र मलपृष्ठापर्यंत पसरवता येते, किंवा भोवती कोरी जागा सोडून अखंड छापता येते. शीर्षक लहान झाले तर होऊ द्यावे.

आपल्याला एकच विनंती. परिचयाखाली लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत आपण देताच. त्यात मुखपृष्ठावरील छायाचित्रकाराचे नावही द्यावे आणि पुस्तकात ते नसेल तर तसे स्पष्ट छापावे. प्रकाशकांना त्याची दखल घ्यावीच लागेल.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे