रात्रीची घंटा मी बंद केली आहे

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुमच्या गो भाषेतल्या औषधांच्या प्रोग्रॅममध्ये काल मी न विचारता बदल केलाय. रागावू नका. ‘पाणी प्या’ची घंटा रात्री दहा ते सकाळी सहा वाजणार नाही, आईची झोप मोडते, आणि डॉक्टरांनी झोपेचं किती बजावलंय ते तुम्ही ऐकलंयत. सकाळी आठची आईच्या बीपीच्या गोळीची घंटा तशीच आहे, आवाजही आईला आवडतो तोच.

सोमवारी तुम्ही रात्रीपुरतं ‘सूचक’ इंटरफेसमध्ये (सूचना देणाऱ्याला काय करता यायला हवं ते सांगणारी जागा) निल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवलंत, ते आईसाठीच. कुणालाही तेच सुचेल. पण निल इंटरफेसवर मेथड, म्हणजे त्याला जोडलेलं फंक्शन, बोलावली की पॅनिक होतं आणि अख्खा प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून मंगळवारी गोळीची घंटाही वाजली नाही. वजाबाकीत मी जागा मोकळी सोडली की तुम्ही म्हणायचात, “चिमणे, तिथे शून्य लिही.” तेच केलंय.

‘मुका’ नावाचा रिकामा स्ट्रक्ट (माहितीचे कप्पे एकत्र ठेवणारा टाइप), आत एकही फील्ड, म्हणजे कप्पा, नाही, आकार शून्य बाइट. त्यावर एकच मेथड, ‘कळव’: काही न करता एररच्या जागी निल, म्हणजे ‘चूक नाही’, परत देते. मेथड जुळली की गो त्याला सूचक मानतो, वेगळं जाहीर करावं लागत नाही. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं, लिहिलेलं सगळं टाकून देणारं आयओ डॉट डिस्कार्डही असंच बांधलंय, तेव्हा हा जुगाड नाही.

‘व्हार _ सूचक = मुका{}’ ही ओळ बिनकामाची वाटेल, पण पुसू नका. मुका सूचकात बसतो का, ते ती तपासते: मेथडचं स्पेलिंग चुकलं तर कंपाइलर (कोड तपासून प्रोग्रॅम बनवणारा) तिथेच अडवतो. रिसीव्हर (मेथड ज्यावर चालते तो मुका) पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, केलात तरी अडवेल, कारण मग फक्त ‘&मुका{}’ चालतो. दोन मुक्यांचे पत्ते ताडून बघू नका. शून्य आकाराच्या गोष्टींचे पत्ते सारखे निघतील की वेगळे, याची गो हमी देत नाही. रात्री किती सूचना गिळल्या ते मोजायचं असेल तर फील्ड लागेल आणि पॉइंटर रिसीव्हरही; त्यासाठी वेगळा टाइप करा. आणि नावं रोमनमध्येच ठेवा. मी इथे मराठीत लिहिलीयत, पण गोच्या नावांत काना-मात्रा चालत नाहीत.

काही बदललंत तर आधी गो टेस्ट (चाचण्या चालवणारी कमांड), मगच चालू करा. माळ्यावरचा कॉम्प्युटर काढायला स्टुलावर चढायचं नाही. रविवारी मी दादरला येतेय, मी काढीन. आई, घंटा वाजो न वाजो, नाश्ता झाला की गोळी घे.

तुमची,
चिमणी