बालेवाडीचा संघ आणि बदलते प्रशिक्षक

संपादक महोदय,

रविवारी सकाळी फुटबॉल खेळून आल्यावर आमच्या चहाच्या टपरीवर हमखास वाद पेटतो: संघ हरला की दोष खेळाडूंचा की प्रशिक्षकाचा? सुरुवात परदेशी क्लबांपासून होते आणि गाडी शेवटी इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) खेळलेल्या आपल्या एफसी पुणे सिटीवर येतेच.

2014 ते 2019 या पाच हंगामांत या संघाने सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. 2017-18 मध्ये रँको पोपोविच यांनी संघाला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं. बंगळुरू एफसीविरुद्धची पहिली लढत बालेवाडीच्या घरच्या मैदानावर गोलशून्य सुटली. दुसऱ्या लढतीत बंगळुरूत त्यांच्या सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने आपला प्रवास थांबवला. पण मार्सेलिन्हो, अल्फारो आणि कोवळा आशिक कुरुनियन ही फळी जुळून आली होती. पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते, आणि त्यांच्या जागी आलेल्या प्रशिक्षकांनाही मोजक्याच सामन्यांत निरोप मिळाला.

मित्र म्हणतात, खेळाडूच ढेपाळले. मला हे मुळीच पटत नाही. दर वर्षी नवा गुरू आला की बचाव कुठे उभा करायचा, इथपासून सगळं पुन्हा शिकायचं! खेळाडूंनी तरी काय करावं?

2019 मध्ये संघ गेला, लीगमधली ती जागा हैदराबादला मिळाली आणि 2022 मध्ये हैदराबादने लीगचा करंडकही जिंकला. मुलाची नारिंगी जर्सी आजही आमच्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहे. पुण्याला पुन्हा संघ मिळाला, तर मालकांनी प्रशिक्षकाला किमान दोन हंगाम द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी, कोथरूड, पुणे