माशेलच्या त्या अनोळखी मंडळींचे आभार
आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गोव्यातल्या माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, बघायला गेलो होतो. तिथलं देवकीकृष्णाचं देवस्थान मूळचं चोडण बेटावरचं. माय-लेकरू एकत्र पूजलं जातं असं देऊळ विरळाच. अंगाला तेल चोपडलेली पोरं चिखलात रंगली होती. गर्दीत धक्का लागला आणि आईचा चष्मा थेट चिखलात! चष्म्याशिवाय तिला पायरीही दिसत नाही. खेळ सोडून चौघे मुलगे गुडघ्यांवर बसले, बोटांनी चिखल चाळत राहिले. सापडल्यावर एकाने तो तांब्यातल्या पाण्याने हलकेच धुऊन तिच्या ओंजळीत ठेवला. शेजारच्या मावशींनी तिला सोप्यावर बसवून गरम चहा दिला. नावं विचारायची राहूनच गेली. बाबांनो, मावशी, तुमचे मनापासून आभार. देव बरें करूं!