रशिया म्हणजे केवळ मॉस्को नव्हे

महोदय,

रशियाविषयीच्या आपल्याकडील बातम्या बहुधा मॉस्कोपाशीच थांबतात, याची खंत वाटते. कास्पियन समुद्राच्या वायव्य काठावरील काल्मिकिया या प्रजासत्ताकाचेच पाहा. पावणेतीन लाखांहून कमी वस्तीच्या या रुक्ष, गवताळ प्रदेशातील काल्मिक लोक मंगोल वंशाचे आणि तिबेटी परंपरेचे बौद्ध असून राजधानी एलिस्ता येथे 2005 मध्ये भव्य बुद्धमंदिर उभे राहिले.

डिसेंबर 1943 मध्ये स्टालिनच्या राजवटीने शत्रूशी संगनमत केल्याचा ठपका ठेवून हा संपूर्ण समाज ऐन थंडीत मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सैबेरियाकडे हद्दपार केला; पुढे आघाडीवर लढणाऱ्या काल्मिक जवानांनाही मागे बोलावून श्रमछावणीत धाडले. हजारो माणसे दगावली, आणि परतीची वाट खुली झाली ती 1957 मध्ये. इतका अन्याय आपल्याकडे जवळपास अज्ञात राहावा, हे क्लेशदायक आहे.

आज तेथे खुराल नावाचे विधिमंडळ आहे व प्रजासत्ताकाचा प्रमुख मतदार निवडतात. मात्र त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार रशियाच्या अध्यक्षांकडे असल्याने ही स्वायत्तता मर्यादितच म्हणावी लागेल.

बौद्धांची मोठी लोकसंख्या असलेल्या महाराष्ट्रातील वाचकांसाठी आपल्या दैनिकाने या प्रदेशावर सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे