कंपवाताची पहिली गोळी

महोदय,
वडिलांची सही बारीक होत गेली, बँकेने दोनदा चेक परत केला, तेव्हा कुठे कंपवात कळला. गावात या आजारावरच्या मुख्य गोळीबद्दल सल्ला मिळाला, 'लेव्होडोपा इतक्यात नको, पुढे लागू पडत नाही.' ही भीती फार पसरली आहे. लवकर घेतल्याने औषध संपत नाही. वाढतो तो आजार. उलट तरुण रुग्णांना अनेकदा दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल या कंपवातावरच्याच दुसऱ्या औषधाने अचानक झोप येते, काहींना जुगाराचाही नाद लागतो. (ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे आधी सांगायला नको?) वडील सत्तरीचे, त्यांना डॉक्टरांनी लेव्होडोपाच दिली. जेवणाआधी अर्धा तास घेतात. वरण-बट्टीतल्या डाळीची प्रथिने गोळीच्या आड येतात. सध्या केळीला पाणी स्वतःच भरतात.

– एक शेतकरी, यावल (जि. जळगाव)