पांझरेचे बंधारे: दुरुस्ती भिंतीपुरती नको

माननीय संपादक,

पांझरेवरच्या जुन्या फड बंधाऱ्यांच्या दुरुस्तीची चर्चा निघाली की ती भिंतीपाशीच थांबते. फड बागायत, म्हणजे पाटाखालच्या जमिनीचे सामाईक पट्टे (फड) करून पाळीने पाणी देण्याची पद्धत, भिंतीवर चालत नाही, म्हणून हे पत्र.

पांझरा साक्री तालुक्यात, पश्चिमेकडच्या डोंगरात शेंदवडजवळ उगम पावते. पिंपळनेर, सामोडे करत ती पूर्वेला उतरते, वाटेत कान नदी तिला मिळते, आणि धुळे ओलांडल्यावर उत्तरेला वळून मुडावदला तापीत जाते. वरच्या अंगाला उतार भरपूर आणि पात्रात जागोजागी खडक उघडा. म्हणूनच तीन-चारशे वर्षांपूर्वी इथे थोड्या थोड्या अंतरावर दगड-चुन्याचे बुटके बंधारे बांधता आले. बंधारा पाणी साठवत नाही, फक्त पातळी उचलून ते पाटात वळवतो. उरलेलं भिंतीवरून खालच्या बंधाऱ्याला जातं, शिवाय शेतातला निचराही पुन्हा नदीलाच मिळतो.

पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. त्यामुळे पाणी एकगठ्ठा फिरतं. पाटकरी पाणी देतो, जागल्या पीक राखतो, हवालदार दोघांवर लक्ष ठेवतो. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांच्या संमतीने कोरडा ठेवायचा. एकाने मध्येच विहिरीच्या भरवशावर वेगळं पीक घेतलं की पाळी मोडते, आणि बऱ्याच ठिकाणी ती तशीच मोडली.

आता दुरुस्तीविषयी. चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा थापू नये. तो जुन्या दगडाला धरत नाही, आत ओल कोंडते आणि एक-दोन पुरांत पापुद्रे सुटतात. दगडांमधल्या दरजा दोन इंच खोल खरवडून, धुऊन, एक भाग मळलेला चुना आणि दोन भाग स्वच्छ वाळू यांनी भराव्यात. वर ओलं गोणपाट ठेवावं. चुना घट्ट व्हायला वेळ घेतो, म्हणून काम मार्चमध्येच सुरू व्हावं, मेअखेरीला नाही.

भिंतीची उंची मुळीच वाढवू नये. वाढवलेल्या उंचीमागे गाळ भरतो, वर पुराचं पाणी काठ खातं आणि खालच्या गावाचं पाणी तुटतं. पायथ्याशी वाळूउपसा तर पूर्ण बंद हवा, कारण पाया उघडा पडला की धबधब्याचं पाणी तो आतून पोखरतं. पाटाच्या सुरुवातीचे, जादा पाणी बाहेर काढणारे सांडवे मोकळे नसतील तर पहिल्याच पुरात पाट फुटतो किंवा गाळाने बुजतो. हे सांडवेच अंदाजपत्रकात नेहमी विसरले जातात! पाटाला सरसकट काँक्रीटचं अस्तरही नको. मातीच्या पाटातून मुरणाऱ्या पाण्यावर आजूबाजूच्या विहिरी आहेत.

शेवटचा मुद्दा वरच्या धरणांचा. लाटीपाडा धरण झाल्यापासून हिवाळ्यातला प्रवाह नदीच्या नाही, सोडणाऱ्याच्या हातात आहे. रब्बीचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याची पाळी, कधी आणि किती दिवस, हे पेरणीआधी लेखी जाहीर झालं तरच कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे बंधाऱ्यावरच्या बैठकीत ठरवता येतं. आवर्तनाच्या तारखा दसऱ्यापूर्वी प्रत्येक बंधाऱ्याच्या गावात फलकावर लागाव्यात, एवढी मागणी आपल्या दैनिकातून पोहोचवावी.

आपले,
पांझरा काठचे काही बागायतदार, ता. साक्री, जि. धुळे