चवदार तळ्याचा ठराव एका ओळीत संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल रविवारच्या पुरवणीत जुन्या नगराध्यक्षांच्या आठवणींना दोन पानं दिलीत, त्याबद्दल आधी आभार. फोटो सुरेख आहेत आणि गावोगावच्या पालिकांची आठवण कुणाला तरी आली, याचा आनंदच आहे. पण लेख वाचून जो संताप आला तो रात्र उलटली तरी उतरलेला नाही, म्हणून हे पत्र.

लेखकानं महाडला एक वाक्य दिलं आहे. सुरबानाना टिपणीसांच्या काळात पालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं, एवढंच. लगेच पुढे कऱ्हाडचे पी. डी. पाटील चाळीसहून जास्त वर्षं नगराध्यक्ष राहिले याचं कौतुक, आणि मग कुणाचा फेटा कसा असे, कुणाच्या भाषणाला चौक कसा भरे याच्या हकीकती. या ओघात महाडचं वाक्य असं बसलंय की नव्या वाचकाला वाटावं, ठराव झाला, तळं उघडलं आणि लोक पाणी भरू लागले. तसं झालं नाही. पुढची तेरा वर्षं झालं नाही. सुरबानानांचं मोठेपण सांगायचं तर ही तेरा वर्षंच सांगायला हवीत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात तिथले सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारनं आपल्या खात्यांना तसा हुकूम काढला आणि स्थानिक संस्थांना शिफारस केली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये ठराव केला. त्याचा आशय असा होता की अस्पृश्यांनी तळं वापरायला पालिकेची हरकत नाही.

'हरकत नाही' हे दोन शब्द पालिकेचं दप्तर पाहिलेल्या माणसाला लगेच खटकतात. हरकत नसणं म्हणजे काही करायचं ठरवणं नव्हे. ठराव अंमलात यायचा तर त्यात काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं आणि खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षातून पडायचा, या चार गोष्टी लागतात. त्यातली एक जरी राहिली तरी कागद दप्तरात जातो आणि तिथेच बसतो. आणि हे तळं तर चार-पाच एकरांचं, चहूबाजूंनी सवर्णांची घरं, मध्ये पालिकेचे रस्ते. काठावरच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, पायऱ्या, दगडी बांध यांतले कितीतरी त्याच घरमालकांचे. पाणी पालिकेचं असलं तरी पाण्यापर्यंत उतरायची वाट लोकांच्या दारातून. तिथे हरकत नसलेल्या पालिकेचा काय उपयोग?

कायदेमंडळातही हे कळत होतं. म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या पालिका आणि लोकल बोर्डं हे अंमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करावं. पहिल्या ठरावात राहिलेला दात दुसऱ्या ठरावात बसवावा लागला. आजही शासन निर्णयांत अनुदानाची अट हीच खरी चावी असते.

मग मार्च १९२७. १९ आणि २० तारखेला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. समोर पालिकेचं भरलेलं तळं आणि तीन वर्षांपूर्वीचा ठराव असताना. हा ४० रुपयांचा आकडा पुरवणीत छापला असता तर 'हरकत नाही' चा अर्थ वाचकाला फोड करून सांगावा लागला नसता. २० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. परतलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या, तळ्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेनं १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला.

आपल्या लेखात हे रद्द करणं कुठेच नाही. पालिकेची आठवण काढायची तर तिनं केलेलं आणि तिनंच पुसलेलं, दोन्ही सांगायला हवं. त्याच गावात सुरबानानांसारखा माणूस उघडपणे परिषदेच्या बाजूनं उभा राहिला, अनंतराव चित्रे उभे राहिले, ते कशाच्या विरोधात उभे राहिले हे कळल्याशिवाय त्यांचं मोल कसं कळणार? हेच टिपणीस पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून कुलाब्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. हेही लेखात नाही.

पुढचा भाग कोर्टाचा. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातल्या काही सवर्णांनी वादी होऊन १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा असा की तळं खाजगी आहे, आणि नसलं तरी फक्त सवर्णांनी ते वापरायची जुनी वहिवाट आहे. सत्याग्रहींनी हुकूम पाळला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही. दावा महाडहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं वादींचं अपील फेटाळलं. निकाल न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचा, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा सुनावली होती तेच. तळं पालिकेकडे निहित, म्हणजे कायद्यानं तिच्या मालकीचं आहे, आणि वगळण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, हा त्यातला गाभा.

इथे पालिकेच्या कामाशी संबंध असलेल्या प्रत्येकानं एक गोष्ट नीट पाहावी. १९२४ चा ठराव तोवर रद्द झालेला होता. शेवटी कामी आली ती मालकी. तळं १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली पालिकेकडे निहित होतं, हे टिकलं म्हणून बाकीचं टिकलं. म्हणून गावातल्या तळ्याची, मैदानाची, विहिरीची नोंद पालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का, सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेशी ती जुळते का, हे पाहणारा नगरसेवक भाषणं करणाऱ्यापेक्षा गावाच्या जास्त उपयोगी पडतो. ही नोंद नसली की वीस-तीस वर्षांनी तळ्याच्या काठावर कुंपण येतं, आणि मग कोर्टात दाखवायला पालिकेकडे कागद नसतो.

आठवणीच काढायच्या तर पुण्याचीही एक काढता आली असती. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे पालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा ३२ सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा एकटा विरोध आज आपल्याला सांगता येतो, कारण सभेत कुणी काय मत दिलं ते लिहून ठेवायची पद्धत होती. फेट्यांच्या वर्णनातून हे हाती लागत नाही.

आता लेखातली एक सरळ चूक. पूर्वी नगराध्यक्ष नेहमी नगरसेवकांमधूनच निवडले जात आणि थेट निवडणूक ही अलीकडची गोष्ट, असं छापलंय. १९७४ साली महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. २००१ ला पुन्हा थेट, मग नगरसेवकांतून, २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला कायदा बदलून पुन्हा थेट, आणि त्याच पद्धतीनं डिसेंबर २०२५ ची निवडणूक झाली. नगराध्यक्षांवर दोन पानं लिहिणाऱ्यानं एवढं तरी तपासावं.

याच निमित्तानं आणखी एक तक्रार, मनात फार दिवसांची. नव्या सभागृहांच्या सभा सुरू झाल्यापासून आपल्या जिल्हा पानावर 'सभा गाजली', 'सभेत खडाजंगी', 'विरोधकांचा सभात्याग' एवढंच येतं. ठराव क्रमांक नाही, सूचक-अनुमोदक नाहीत, मतदान किती विरुद्ध किती झालं ते नाही. चार वर्षं प्रशासक होते, तेव्हा सभागृहच नव्हतं, हे समजू शकतो. आता आहे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी निघावी लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, सर्वसाधारण सभेला एकतृतीयांश, विशेष सभेला निम्मी, म्हणजे २४ सदस्यांच्या पालिकेत अनुक्रमे ८ आणि १२. बातमीदारानं नोटिशीची तारीख आणि हजेरी एवढं विचारलं तरी निम्म्या बातम्या वेगळ्या होतील.

सगळ्यात जास्त लक्ष हवं ते 'ऐनवेळचे विषय' या शेवटच्या मुद्द्यावर. विषयपत्रिकेत नसलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीनं तिथे येतो. घोटाळा होतो तो असा: सभा संपते, प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, ऐनवेळच्या विषयांखाली पानभर जागा कोरी राहते आणि पुढच्या आठ दिवसांत ती भरली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. ठराव क्रमांकांची साखळी पाहा, पानांचे छापील क्रमांक पाहा, पानाच्या तळाशी अक्षर एकदम बारीक आणि ओळी दाट झाल्यात का ते पाहा. पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा असतो. हरकत घ्यायची ती तिथेच आणि लेखी, नंतर ओरडून काही होत नाही. आणि ठराव बेकायदा वाटला तर त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, हेही वाचकांना माहीत असायला हवं.

जुनं दप्तर पाहायचं तर वाट आहे. इतिवृत्त हे अ वर्गाचं, म्हणजे कायम जतन करायचं अभिलेख. लाल रुमालात बांधून ते रेकॉर्ड रूममध्ये असायला हवं. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करावा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. नुसतं 'जुने ठराव द्या' असं लिहिलं की अर्ज निकाली निघतो. साल, सभेची तारीख किंवा निदान महिना लिहावा, आणि आधी अवलोकनासाठी वेळ मागावा. प्रत्यक्ष पाहून हव्या त्या पानांच्या प्रती दोन रुपये पानानं घेता येतात. कसर लागलेली, ओल आलेली वही हाताळताना पानं अंगठ्यानं ओढू नयेत, खालच्या कोपऱ्यातून तळवा घालून उलटावीत. शिवणीजवळ ती आधी तुटतात आणि सभेची तारीख बहुतेक वेळा तिथल्याच ओळीत असते.

आपल्या बातमीदारांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक पालिकेत एवढं केलं तर पुढची पुरवणी फोटोंवर अवलंबून राहणार नाही. महाडच्या सत्याग्रहाला मार्च २०२७ मध्ये शंभर वर्षं होतात. त्याच्या आत हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

तोवर येत्या रविवारी, त्याच पानावर आणि तेवढ्याच टाइपात, खालील दुरुस्ती छापावी:

'महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळ्याबाबत केलेला ठराव अंमलात आला नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी पालिकेने तो रद्द केला. अस्पृश्यांचा तळ्यावरचा हक्क १७ मार्च १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने कायम झाला.'

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, रायगड जिल्हा